अकरा गैरहजेऱ्या आणि फक्कीच्या रेघा

तारीख चौदा जून, रविवार, दुपारी अडीच. रक्कम दोनशे नव्व्याण्णव रुपये, एका महिन्याची वर्गणी, मोबाईलवरून भरलेली. हजर तिघं: मी, माझी पत्नी शैला आणि पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेली आमची मुलगी ऋतुजा. पैसे भरले ते टीव्हीवर परदेशी फुटबॉल क्लबांच्या मालिका बघण्यासाठी. या मालिकांत कुणी नट नसतो. खऱ्या क्लबात वर्षभर कॅमेरा घेऊन बसायचं आणि जे घडेल ते सहा-आठ भागांत दाखवायचं. ऋतुजा पुण्यात अशाच कामात आहे, चित्रीकरणाची जुळणी, म्हणजे एडिटिंग, करते. तिचं म्हणणं, "बाबा, एकोणीस वर्षं क्लबाचे सेक्रेटरी आहात, एकदा बघा तरी क्लब कसा दाखवतात."

हे सगळं मी लिहून ठेवतो. लष्कराच्या भांडारात नागरी कारकून म्हणून अठ्ठावीस वर्षं झाली. आलेली आणि गेलेली वस्तू लिहिल्याशिवाय झोप लागत नाही. भिंगारमधल्या आमच्या फुटबॉल क्लबाची हजेरीवही माझ्याकडे असते. घरच्या गच्चीवर पाऊस मोजायची प्लॅस्टिकची नळी आहे, तिचीही वेगळी वही आहे. शैला म्हणते, या घरात फक्त तिच्या बोलण्याची नोंद होत नाही.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. जूनच्या मध्यावर आमच्याकडे ते नुसतंच भरून येतं; पडेल की नाही, कुणी सांगत नाही. पण मैदानाला ते कळतं. तांबूस मातीत कडेकडेनं हिरवं दिसायला लागतं, घराघरांतून बूट बाहेर निघतात, वर्षभर पिशवीत कोंडलेल्या चामड्याचा आंबट वास गल्लीत पसरतो. पावसाळा हा आमचा फुटबॉलचा हंगाम. तो आला की मला चार वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवतो. त्या वर्षी आम्ही फायनल जिंकलो होतो. आतापर्यंत तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम होता. आतापर्यंत म्हणजे त्या रविवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत.

पहिली मालिका लावली ती एका फार श्रीमंत क्लबाची. पहिला भाग सत्तेचाळीस मिनिटांचा. विसाव्या मिनिटाला शैला भाजी निवडायला घेऊन बसली. मला झोप येत होती म्हणून मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मिनिटं मांडायला लागलो. वरून उडणाऱ्या ड्रोनमधून स्टेडियम: नऊ मिनिटं. मालक, मॅनेजर आणि खेळाडू खुर्चीत बसून "आमचं एक कुटुंब आहे" असं सांगताना: सोळा मिनिटं. संथ गतीतले गोल, वर ढोल बडवल्यासारखं संगीत: बारा मिनिटं. उरलेली दहा मिनिटं कुणी कुठल्या तरी गाडीतून उतरत होतं. एकाही माणसाला काही हवंय आणि ते मिळेल की नाही याची त्याला धास्ती आहे, असं दिसलं नाही.

"हे आपल्या बँकेच्या वार्षिक सभेसारखं आहे," शैला म्हणाली. "फक्त हिरवळ जास्त."

"क्लबानंच पैसे घातलेत यात," ऋतुजा म्हणाली. "काय ठेवायचं आणि काय कापायचं, ते क्लब ठरवतो. मग असंच होतं."

ती हे बोलताना माझ्याकडे बघत होती का, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसरी मालिका लावली ती कुठल्याशा थंड, लहान गावातल्या क्लबाची. गेल्या हंगामात हरून खालच्या गटात ढकलला गेलेला क्लब. सुरुवातच तिथल्या स्वयंपाकघरात. पातेल्यात डाव फिरवत एक बाई सांगत होती, सामन्याच्या आदल्या दिवशी कोण जेवत नाही हे तिला ठाऊक असतं, आणि जो जेवत नाही त्याला संघातून वगळणार हेही तिला मॅनेजरच्या आधी कळतं. एवढंच. चहा माझ्या हातात तसाच राहिला. तिसऱ्या भागात मॅनेजर खोलीत उभा राहून संघाची नावं वाचतो. आता कॅमेरा त्याच्यावर असणार, असं मला वाटलं. कॅमेरा होता बाकाच्या टोकाला बसलेल्या एका माणसावर, ज्याचं नाव अजून आलेलं नाही. आठवं नाव, नववं नाव. तो माणूस बुटाची नाडी बांधत होता. अकरावं नाव झालं. त्यानं बांधलेली नाडी सोडली.

संगीत नव्हतं. कॅमेरा आणखी दहा-बारा सेकंद तिथंच थांबला. मला सलीमभाई आठवले.

सलीमभाई आमच्या क्लबाचे गोलकीपर. बाजारातल्या बेकरीत कामाला. पहाटे टेम्पोत पावाचे ट्रे चढवायचे आणि मग मैदानावर यायचं. बावीस हंगाम खेळले. त्यातला शेवटचा सोडला तर क्लब एकदाही फायनलला पोचला नव्हता. चार वर्षांपूर्वी पोचला तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी खेळणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. ती फायनल ते खेळले नाहीत. त्यांचं नाव मी गाळलं.

मी गाळलं म्हणजे नियमानं गळलं. क्लबात पूर्वी कॅप्टनच्या ओळखीची पोरं संघात यायची आणि भांडणं व्हायची. म्हणून मी नियम केला: सकाळी सहाला शेजारच्या पलटणीत बिगुल वाजतो, तो वाजेपर्यंत जो मैदानावर तो हजर. नंतर आला तो गैरहजर, मग कॅप्टन असो की माझा भाऊ. एका गैरहजेरीला दहा रुपये दंड. हंगामात चाळीस सराव, तीस हजेऱ्या भरल्या तरच फायनलच्या अकरांत. फायनलच्या आदल्या संध्याकाळी कडुनिंबाखाली सगळ्यांना बसवून वही मोठ्यानं वाचायची, म्हणजे कुणाला शंका नको. त्या वर्षी तशी वेळ पहिल्यांदाच आली आणि मी वाचली. सलीम: चाळीसपैकी हजर एकोणतीस, गैरहजर अकरा. एक कमी.

मी विचारलं होतं, "सलीमभाई, काही म्हणायचंय?"

"न्हाई सेक्रेटरी. नियम सगळ्यांना हाय," ते म्हणाले होते.

मला तेव्हा अभिमान वाटला. माझा की त्यांचा, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी नवा गोलकीपर उभा राहिला आणि आम्ही एक-शून्यनं जिंकलो.

टीव्ही थांबवून मी ऋतुजाला म्हणालो, "आपल्या सलीमभाईंचंही असंच झालं होतं."

"माझ्याकडे आहे ते," ती म्हणाली.

त्या वर्षी तिचा पुण्यातला अभ्यासक्रम संपत आला होता, आणि शेवटचा प्रकल्प म्हणून तिनं आमच्या क्लबावर पाच भागांची मालिका केली होती. पूर्ण हंगाम ती कॅमेरा घेऊन मैदानावर होती. ती मालिका इंटरनेटवर अजून आहे. दोनशे सव्वीस वेळा बघितली गेली, त्यातल्या तीसेक वेळा मीच. लोक का बघत नाहीत याचं मला कोडं होतं. जुन्या चषकांचे फोटो, कमिटीतल्या प्रत्येकाची ओळख, नगरसेवकांचं भाषण, फायनलचा गोल तीन बाजूंनी. यात काय कमी होतं?

"आता तुम्हीच मांडा मिनिटं," शैला म्हणाली. "सत्कार किती, ते लिहा आधी."

मला मांडायची गरज नव्हती. काय ठेवायचं आणि काय कापायचं, ते क्लबानं ठरवलं होतं. क्लब म्हणजे मी. वही वाचतानाचा प्रसंग ऋतुजानं चौथ्या भागात ठेवला होता, आणि मी तिला म्हणालो होतो, हे काढ, उगाच कुणाला वाईट दिसायला नको. तिनं काढला आणि त्या जागी ड्रोन लावला. एका मित्राकडून भाड्यानं आणला होता.

तिनं लॅपटॉप उघडला. त्यात 'जास्तीचं' नावाचा एक कप्पा होता. वही वाचतानाचं चित्रण नऊ मिनिटांचं निघालं. त्यात माझा फक्त आवाज आहे, आणि एक्केचाळीस वर्षांच्या एका माणसाचा चेहरा. "सलीम, एकोणतीस," असा माझा आवाज येतो. मी तो आवाज ओळखला नाही. भांडारात खराब माल बाद करताना मी बोलतो, तसा होता. सलीमभाई खाली बघतात. मग शेजारी बसलेल्या नव्या गोलकीपरला आपले हातमोजे देतात. "उजवा ढिला हाय. पट्टी दातानं ओढ, मग बसतो," असं सांगतात. मग उठतात आणि चौकटीबाहेर जातात. ऋतुजानं कॅमेरा वळवला नव्हता, तिथली रिकामी जागा तशीच दिसत राहते. माझा आवाज पुढचं नाव वाचत असतो.

हे बघून वाईट वाटलं. पण धक्का म्हणावा असं ते नव्हतं. नियम नियम होता. धक्का पुढच्या फाईलमध्ये होता, आणि ती तिनं सहज उघडली, मला दाखवायची म्हणूनसुद्धा नाही.

"ही माझी वाया गेलेली सकाळ," ती म्हणाली. "रात्री पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी आभाळाचे रंग चांगले येतात, म्हणून पावणेपाचला जाऊन कॅमेरा लावायचे. सूर्योदय घ्यायचा होता. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा चाचा मध्ये."

पडद्यावर निळसर अंधार. ओलं मैदान. गोलपोस्टाच्या पुढं, जिथं डी म्हणजे गोलची चौकट आखतात, तिथं एक माणूस वाकून चालतोय. एका हातात डबा, डब्याला खाली भोकं पाडलेली, आणि त्यातून पांढरी भुकटी पडतेय. तिला आम्ही फक्की म्हणतो. मैदानाच्या रेघा तिनंच मारतात. तो माणूस सहा पावलं जातो, मागं वळून रेघ बघतो, परत वाकतो. ऋतुजाचा झोपाळू आवाज येतो, "सलीमचाचा, थोडं बाजूला होता का?" आणि उत्तर, "व्हय बेटा, एवढी डी झाली की जातो. रात्री समदी धुवून गेली बघ."

कोपऱ्यात वेळ होती. पाच वाजून अकरा मिनिटं.

"हे सलीमभाई करायचे?" मी विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला माहिती नाही?"

मला माहिती नव्हतं. मी रोज सहाला पाच कमी असताना मैदानावर पोचायचो. रेघा असायच्या. त्या छावणीचा माळी मारतो, अशी माझी समजूत होती. फक्कीची किती पोती आली, ते माझ्या वहीत आहे. ती कुणाच्या हातानं जमिनीवर गेली, याला रकाना नव्हता.

फाईलवरची तारीख बघितली आणि कपाटातून हजेरीवही काढली. त्या दिवशी सलीम: गै. बाकीच्या दोन सकाळी: गै, गै. मी घड्याळाकडे बघितलं तेव्हा साडेपाच झाले होते.

मग मी पावसाची वही काढली. शैलाला म्हणालो, "तू त्या हंगामातल्या पावसाच्या रात्री वाच, मी हजेरी बघतो." ती चष्मा लावून वाचायला लागली. दोन ऑगस्टची रात्र, चौदा मिलिमीटर. तीन ऑगस्ट, सलीम, गै. नऊची रात्र, सहा मिलिमीटर. दहा, गै. सहाव्या नोंदीनंतर शैलानं वाचणं थांबवलं, वही माझ्यापुढं सरकवली आणि आत गेली. बाकीच्या पाच मी एकट्यानं जुळवल्या. सरावाच्या आदल्या पावसाच्या रात्री अकरा. गैरहजेऱ्या अकरा. एकही इकडची तिकडे नाही.

दोन्ही वह्या माझ्याच अक्षरात, एकाच कपाटात, चार वर्षं एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

हिशेब सरळ होता. कोरड्या दिवशी ते आधी बेकरीतला टेम्पो भरायचे आणि सहाच्या आत मैदानावर यायचे. पाऊस झाला की रेघा धुऊन जायच्या, म्हणून आधी मैदानावर येऊन रेघा मारायच्या, मग बेकरी, मग परत मैदान. तोवर बिगुल वाजून वीसेक मिनिटं झालेली असायची. मी त्यांनीच मारलेल्या रेघेवर उभा राहून त्यांच्या नावापुढं गै लिहीत होतो.

"बाबा, खरंच," ऋतुजा म्हणाली. "मला वाटलं होतं, हे सगळ्यांना माहितीच आहे. म्हणून तर ते कंटाळवाणं वाटलं आणि बाजूला टाकलं."

तेव्हापासून मी याच एका गोष्टीचा विचार करतोय. फायनल आम्ही जिंकली, तिचा चषक दिवाणखान्यात आहे, गोल तीन बाजूंनी चित्रित आहे, आणि तो बघताना मला आज काहीही होत नाही. निकाल ठाऊक असलेली गोष्ट एकदा बघून संपते. वाकून चालणारा तो माणूस मात्र मी रविवारपासून नऊ वेळा बघितलाय. दर वेळी वाटतं, लवकर करा, बिगुल वाजेल. ते थांबून रेघ नीट करतात. माणसं जे मालिका म्हणून रात्रभर बघत बसतात ते हेच असावं: कुणाला तरी काहीतरी हवं असतं, आपल्याला दिसत असतं की ते हातचं जाणार, आणि त्याला सांगता येत नाही. कंटाळा कशानं येतो तेही कळलं. क्लबाला जे दिसायला हवं असतं, त्यानं येतो. नुसत्या संथपणानं तो येत नाही. अंधारातल्या मैदानाइतकं संथ काय असणार?

सोमवारी रात्री सात मिलिमीटर पाऊस झाला. मंगळवारी पावणेपाचला मी मैदानावर गेलो. सराव अजून सुरू झाले नव्हते. मला फक्त वेळ मोजायची होती. डबा घेतला आणि एका बाजूची गोलपुढची डी मारली. पंचवीस मिनिटं लागली, रेघ तीन ठिकाणी वाकडी, आणि कंबर धरली. दोन्ही बाजूंच्या डी, मधली रेघ आणि कोपरे धरले तर सरावलेल्या माणसाला पाऊण तास. अकरा सकाळी. एरवी मी गुणाकार करून लिहिला असता.

बेकरीत गेलो तेव्हा सलीमभाई ट्रे पुसत होते. पोट सुटलंय, दाढी पांढरी झालीये. "या सेक्रेटरी. आज सूर्य कुठून उगवला? नानकटाई खाता? गरम हाय."

मी मोबाईलवर चित्रण लावून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळे बारीक करून शेवटपर्यंत बघितलं.

"ही डावी बाजू वाकडी गेली बघा," ते म्हणाले. "अंधारात कळायचं न्हाई."

"सलीमभाई, हे मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी कधी विचारलं न्हाई."

"कडुनिंबाखाली विचारलं होतं. काही म्हणायचंय का, म्हणून."

"तवा बाजूला नवा पोरगा बसला हुता. त्याचं नाव पक्कं झालतं, त्याच्या घरची माणसं दुसऱ्या दिवशी येणार हुती. आता काय सांगू, मी रेघा मारतो म्हणून मला घ्या?" त्यांनी ट्रे उलटा ठेवला. "आन रेघा मी काय क्लबासाठी मारत न्हवतो. गोलकीपरची पाठ असती पोस्टाकडं. समोर डी दिसली की कळतं आपन कुठं उभं हाय. रेघ न्हाई तर मी आंधळा. माझ्या गरजेनं मारायचो."

"ऋतुजाला हे आणि वही वाचतानाचं, दोन्ही मालिकेत घालायचंय. तुमची हरकत असेल तर नको."

त्यांनी पुढचा ट्रे पुसायला घेतला. "बेकरीचे शेठ असते तर नको म्हनलो असतो. त्यांना कळलं असतं, पावसाच्या दिवशी टेम्पो का रखडायचा ते. गेले बिचारे. आता घाला." मग हसले. "तुमचा आवाज ठिवा पण. लोकांना कळू द्या आमचा सेक्रेटरी कसा हाय."

"ठेवणार," मी म्हणालो.

मी पिशवीतून वही काढली. एकोणीस वर्षांत मी हजेरीवहीत खाडाखोड केलेली नाही. त्यांच्यासमोर, पावाच्या ट्रेवर वही ठेवून, अकरा ठिकाणी गै वर एकेक आडवी रेघ मारली, वर ह लिहिलं, शेजारी सही केली. शेवटच्या रकान्यात चाळीस. त्यांनी बोट ठेवून एकेक नोंद तपासली, मी तपासतो तशीच.

मग मी दंडाचे पैसे काढले. मला वाटलं होतं, नको म्हणतील. त्यांनी हात पुसले, नोटा मोजल्या आणि खिशात ठेवल्या.

"हे झालं," ते म्हणाले. "आन फायनल?"

मी वही मिटली. ते नानकटाई कागदात बांधायला लागले.

शेवटी दिले ते असे: रोख एकशे दहा रुपये, सलीमभाईंना, मंगळवारी सकाळी साडेआठला, बेकरीत. फायनल देता आली नाही.